बॉनफायर म्हणजे शेकोटी नव्हे

प्रश्न आलाय की इंग्लंडमधल्या ५ नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटला मराठीत 'गाय फॉक्स पुण्यतिथी' म्हटलं तर चालेल का, आणि बॉनफायर म्हणजे शेकोटीच ना?

पुण्यतिथी अजिबात नाही चालणार. वर्षातून एकदा येणाऱ्या कुठल्याही दिवसाला पुण्यतिथी चिकटवतात, हे ऐकून ऐकून डोकं उठलंय. राजासकट इंग्लंडची संसद उडवायच्या कटातला हा फॉक्स ५ नोव्हेंबर १६०५ ला मेला नाही, पकडला गेला, तेही संसदेच्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खालच्या तळघरात, बंदुकीच्या दारूच्या ३६ पिंपांसकट. मेला तो ३१ जानेवारी १६०६ ला. लोकांनी जाळ पेटवले ते राजा पहिला जेम्स वाचला म्हणून, मग पुण्यतिथी कुणाची?

आता बॉनफायर. यातला बॉन म्हणजे फ्रेंचमधला 'चांगला' असं अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात, आणि सॅम्युअल जॉन्सनने १५ एप्रिल १७५५ ला काढलेल्या कोशातही तेच दिलंय. एवढा मोठा कोशकार, पण इथे साफ चुकलाय. बॉन म्हणजे बोन, हाड! हाडांचा जाळ! १४व्या शतकाच्या अखेरीस श्रॉपशरमधल्या जॉन मर्क नावाच्या धर्मगुरूने २३ जूनच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या रात्रीच्या जाळांचे तीन प्रकार सांगितलेत, नुसती हाडं जाळली तर बॉनफायर, नुसती लाकडं असतील तर वेकफायर आणि दोन्ही असेल तर सेंट जॉनचा जाळ. यापेक्षा स्पष्ट काय पाहिजे? शिवाय स्कॉटलंडमध्ये हाडाला 'बेन' म्हणतात आणि या जाळाला 'बेनफायर', शब्द फ्रेंच असता तर तिथे बेन कुठून आला असता? राहिला उच्चार, तर बोनचं बॉन होण्यात नवल काही नाही, जोडशब्दात पहिला स्वर पुष्कळदा आखडतो, आपल्याकडे फूल दीर्घ पण फुलबाजी ऱ्हस्व, तसंच ते. मला तर फुलबाजी पेटवताना दरवेळी हेच आठवतं.

हां, शेकोटी. शेकोटी शेकायला असते, चार माणसं भोवती बसतात, तळहात पुढे करतात, मध्येच कुणीतरी काटकी सरकवतं. बॉनफायर नाइटला जुन्या कपड्यांत कागद, पेंढा कोंबून केलेला फॉक्सचा पुतळा जाळायची रीत आहे, आणि असं काही ठरवून, चारचौघांत जाळलं की त्याला मराठीत एकच शब्द आहे, होळी. १९०५ साली पुण्यात विदेशी कापड जाळलं, त्याला आपण विदेशी कापडाची होळीच म्हणतो, शेकोटी कुणी म्हटलंय का? त्यामुळे नाव बॉनफायर नाइटच राहू दे, ते विशेषनाम आहे, आणि तिथे काय होतं ते सांगताना सरळ 'गाय फॉक्सच्या पुतळ्याची होळी' लिहा.