सिम्युलेटरवर पाच वर्षं विमान उडवलंय, खरं विमान सोपं जाईल का?

सोपं जाईल, पण डोक्याला. पायांना आणि बुडाला नाही!

मीही कोथरूडच्या फ्लॅटमध्ये जॉयस्टिक घेऊन रात्र रात्र बसणारा. मग बारामतीला सेसना १७२ वर शिकायला लागलो. चेकलिस्ट, फ्लॅप्स, रेडिओवरचं बोलणं सगळं तोंडपाठ. इन्स्ट्रक्टर मॅडम (माझ्याहून बऱ्याच लहान) खूश दिसल्या. थ्रॉटल पूर्ण पुढे केला आणि विमान डावीकडे पळायला लागलं. पुढच्या पंख्यामुळे ते डावीकडे ओढतं, उजवं रडर (शेपटीवरचं सुकाणू वळवणारं पेडल) पायाने दाबून धरायचं असतं, हे मी वाचलं होतं. पण घरी ‘ऑटो रडर’ चालू असायचा, म्हणजे रडर सिम्युलेटरच सांभाळायचा, आणि माझे पाय टेबलाखाली चपला शोधत असायचे.

हवेत दुसरी खोड उघडी पडली. सिमवाल्याचे डोळे सारखे काट्यांवर. स्क्रीनवर दुसरं काय बघणार? मॅडमनी वेगाच्या काट्यावर कागद चिकटवला आणि म्हणाल्या, “सर, आत काय बघताय, बाहेर बघा की!” वेग कमी झाला की वाऱ्याचा आवाज पडतो, कंट्रोल ढिले लागतात. घरची जॉयस्टिक यातलं काहीच सांगत नाही. ट्रिमचंही (कंट्रोलवर सतत जोर लावावा लागू नये म्हणून फिरवायचं चाक) तसंच: खऱ्या विमानात ट्रिम नीट नसेल तर हात भरून येतो, तेव्हा ते चाक कशासाठी आहे ते कळतं.

लँडिंगला तर मी पार भुईसपाट, सुदैवाने फक्त अहंकाराने. नाक कधी उचलायचं ते धावपट्टीच्या कडा नजरेच्या कोपऱ्यात कशा पसरतात त्यावरून कळतं, आणि एका मॉनिटरला नजरेचे कोपरे नसतात. त्यात एप्रिलची दुपार. समुद्रसपाटीपासून १९०० फुटांवरच्या पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पारा ४० ला गेला, की हवा विरळ होते आणि विमानाच्या लेखी ते पाच हजार फुटांच्या वर असतं. हे गणित सिमही बरोबर करतो, पण तापलेल्या जमिनीवरून उठणारे धक्के खुर्चीत बसत नाहीत.

तरी सिमला नावं ठेवणार नाही. ढगात फक्त उपकरणांवर उडवायचा सराव, इंजिन बंद पडल्यावरची कामं, हे सगळं तिथेच शंभरदा करता येतं. एअरलाइनचे पायलटही नव्या प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण मुख्यतः सिम्युलेटरवरच घेतात. अर्थात त्यांचा सिम्युलेटर सहा पायांवर हलतो. वेग वाढल्याचा भास व्हावा म्हणून आख्खी केबिन मागे कलते. तुमच्या-माझ्या खुर्चीचे तास लॉगबुकात धरत नाहीत.

आत्ताच करायचं तर रडर पेडल घ्या, ‘ऑटो रडर’ बंद करा, काट्यांवर कागद लावा. फी भरण्याआधी डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) क्लास २ मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणी, उरकून घ्या. आणि पहिल्या दिवशी सिमचे तास सांगू नका. मी सांगितले होते. मॅडम फक्त “हं” म्हणाल्या.