वाचक विचारतात : दोनशे चाळीस पाकिटं मागवली, पंच्याण्णव पडून राहिली

प्रश्न : नमस्कार भाऊ. आर्णी तालुक्यात माझं लहानसं कृषी केंद्र आहे. मागच्या खरिपात कपाशीचं एक वाण पंधरा दिवसात खलास झालं, कास्तकार रोज येऊन भांडायचे, "काऊन नाही मागवलं बाप्पा तुमी?" म्हणून यंदा डबल बुकिंग केलं, २४० पाकिटं. मृग कोरडा गेला, बरेच लोक सोयाबीनकडे वळले, आता ९५ पाकिटं पडून आहेत आणि डिस्ट्रिब्यूटर वापस घेत नाही. पुतण्या म्हणते काका हे सप्लाय चेनचं काम आहे, शिकून घ्या. आमच्यासारख्याले त्यात काही कामाचं आहे का?

उत्तर : आहे भाऊ, आणि तुमच्यासारख्यालाच जास्त आहे. सप्लाय चेन म्हणजे कंपनीपासून डिस्ट्रिब्यूटर, दुकानदार करत कास्तकारापर्यंत माल पोचायची साखळी. मी स्वतः दिग्रसला आठ वर्षं काउंटरवर बसलोय, पडून राहिलेल्या खोक्यांकडे बघून रात्री झोप लागत नाही ते मला माहीत आहे. २०२५ च्या खरिपात बीजी-२ म्हणजे बीटी कपाशीच्या बियाण्याच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची सरकारी कमाल किंमत ९०१ रुपये होती, त्या भावाने ९५ पाकिटं म्हणजे पंच्याऐंशी हजाराच्या वर, लहान दुकानाचा सिझनच गेला.

आता एक आठवून बघा. मागच्या वर्षी जे भांडायला आले, त्यातले किती जण बाकीच्या दुकानातही जाऊन आले होते? पाच एकरवाल्याला दहा पाकिटं पाहिजेत, तो तुमच्याकडे विचारतो, बसस्टँडजवळच्या दुकानात विचारतो, आर्णीला विचारतो, यवतमाळच्या साळ्याला फोन लावतो. चार दुकानदारांच्या डोक्यात दहा-दहा धरून चाळीसची मागणी बसली, वावर तेवढंच पाच एकर. मग चौघंही पुढच्या वर्षी वाढवून मागवतात, डिस्ट्रिब्यूटर त्यावर आपली भर घालतो, कंपनी त्याच्यावर आणखी घालते. याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात, बुलव्हिप म्हणजे आपला आसूडच, मनगट थोडंसं हलतं आणि टोक केवढं फिरतं ते बघा. अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक जे. डब्ल्यू. फॉरेस्टर यांनी १९६१ मध्येच हे मांडलं होतं, आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला लहान पोरांच्या डायपरमध्ये हेच दिसलं, पोरं रोज तेवढेच डायपर वापरतात पण कंपनीकडे येणाऱ्या ऑर्डरी मात्र भलत्याच वरखाली.

आणि हे फक्त लहान दुकानदारालाच होतं असं समजू नका. कोविडमध्ये माल मिळेना म्हणून अमेरिकेतल्या टार्गेट, वॉलमार्टसारख्यांनी भरभरून मागवून ठेवलं, २०२२ मध्ये लोकांची खरेदी दुसरीकडे वळली आणि टार्गेटला भाव पाडून माल काढावा लागला, ऑर्डरी रद्द कराव्या लागल्या. टंचाईच्या धसक्याने केलेली ऑर्डर होती ती, तुमची होती तशीच.

यावर उपाय म्हणून सप्लाय चेनमध्ये आता सगळा जोर आहे तो खालची खरी विक्री वरपर्यंत दिसण्यावर. तुमच्याकडे युरियाचं पॉस मशीन आहे ना, २०१८ पासून देशभर, अंगठा लावला की कोणत्या दुकानातून किती बॅगा गेल्या ते वर दिसतं, तेच तत्त्व. बियाण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये साथी पोर्टल आणलं, त्यात पाकीट कुठून आलं ते क्यूआर कोडवरून कळावं असा उद्देश आहे.

तुम्ही यंदापासून एक वही घाला. विकलं ते नाही, विचारलं ते लिहायचं : नाव, गाव, किती एकर, कोणतं वाण, आणि "दुसरीकडे घेतलं का" हे चार दिवसांनी फोन करून विचारायचं. माझ्या अनुभवात हा फोन फार मोलाचा आहे, निम्मी मागणी तिथेच गळते. तालुक्यातल्या सात-आठ दुकानदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप करा, रोज संध्याकाळी वाणानुसार शिल्लक टाकायची, कमी पडलं तर रीतसर बिल करून एकमेकांकडून घ्यायचं, लायसनमध्ये कोणत्या कंपनीचा माल बसतो ते मात्र आधी बघा. डिस्ट्रिब्यूटरला एकदम सगळं उचलायचं नाही म्हणून सांगा, अर्धं आधी, बाकीचं पहिला पेरणीजोगा पाऊस पडल्यावर. नाही म्हणेल. दहा दुकानदार मिळून म्हटलं तर ऐकतो. आणि पडलेल्या ९५ ची मुदत पाकिटावर बघून घ्या, मुदत संपलेलं एकही पाकीट कोण्या कास्तकाराच्या वावरात जाऊ देऊ नका, नुकसान सोसा पण ते करू नका.

प्रश्न : दारव्ह्याला बीकॉम करते. सप्लाय चेनचा कोर्स करावा का? बाबा म्हणतात पैसे वाया जातील.

उत्तर : ताई, फी भरायच्या आधी एक सिझन जवळच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नाहीतर शेतकरी कंपनीच्या गोदामात काम कर. आवक, वजन, ओलावा, ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद), गाडी किती तास उभी राहिली, सगळं एक्सेलमध्ये भरायला शिक. आवडलं तर कोर्स कर, नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी २०२५ मध्ये पूर्ण उघडला, गोदाम आणि वाहतुकीचं काम समजणारी पोरं लागणारच आहेत. बाबांना एक दिवस गोदामावर सोबत घेऊन जा, गाडी खाली होताना बघू दे त्यांना.