सड्यावरचं चित्र आणि सातबारावरची नावं

प्रश्न : ताई, आमचं गाव राजापूर तालुक्यात. आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, कातळशिल्पं (खडकात कोरलेली जुनी चित्रं) सापडली आहेत. शनिवार-रविवारी गाड्या येतात, फोटो काढतात, निघून जातात. आम्हाला त्यातून काहीच मिळत नाही. चिरेखाणवाला मात्र रोख पैसे द्यायला तयार आहे. सातबारावर ९ नावं, त्यातली निम्मी मुंबईला. काका म्हणतात, देऊन टाकू. पर्यटनावर खरंच घर चालतं का?

उत्तर : काकांवर रागावू नका. जमीन आपली, कौतुक जगाचं आणि हातात काहीच नाही, असं झालं की माणूस खाणवाल्याकडेच वळतो. म्हणून पहिला वाटा जमीनवाल्याचा, हे माझं ठाम मत आहे.

कशेळीच्या कातळशिल्पातला हत्ती मी पहिल्यांदा भर दुपारी पाहिला, म्हणजे पाहिलाच नाही. पाच वाजता ऊन तिरपं झालं, रेषांत सावली भरली आणि सुमारे १८ मीटरचा हत्ती कातळावर उमटला. त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं. मी तिथेच बसून राहिले. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकण-गोव्यातली ९ ठिकाणं गेली. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे ही तर तुमच्याच तालुक्यातली. जांभा दगड कापून चिरे काढले की हे कायमचं गेलं.

आता घर चालण्याचं. नुसत्या पर्यटनावर नाही चालत. आंबा-काजूच्या जोडीला हातभार लागतो.

आमच्या वाडीने पहिल्या वर्षी एका सहल कंपनीला होकार दिला. बस आली, जेवणाची पाकिटं शहरातूनच आली, मुक्कामही शहरातच. आमच्या वाट्याला आल्या थर्माकोलच्या ताटल्या, त्या बायकांनी दुसऱ्या दिवशी करवंदीच्या जाळ्यांतून वेचल्या. पुढच्या वर्षी आम्ही अट घातली: वाटाड्या वाडीतला, जेवण वाडीतलं. ८ घरांनी पाळी लावली. सकाळी घावणे, दुपारी केळीच्या पानावर भात, कुळथाची पिठी, सोलकढी. दर पानामागे २० रुपये जमीनवाल्याच्या नावाने वेगळ्या डब्यात. माझ्या जाऊबाईंनी आपल्या पाळीच्या पैशांतून लेकीची कॉलेजची फी भरली.

तुम्ही आधी पुरातत्त्व विभागाला कळवा. चित्रांभोवती थोडं अंतर सोडून दगडांचा गडगा घाला, चपला बाहेर काढायला लावा. फोटोसाठी कुणी खडूने किंवा चुन्याने रेषा गिरवायला लागला तर तिथल्या तिथे थांबवा. विहिरी तळाला गेल्या की मुक्काम बंद, पाहुणा कितीही पैसे देवो.

आणि कुणाला किती, हे नऊही जणांच्या सह्यांनिशी कागदावर येऊ द्या. शिमग्याला चाकरमानी येतील, सगळी नावं एका जागी सापडतील. बैठक तेव्हाच घ्या, पण ओटीवर नको. संध्याकाळी पाच वाजता, सड्यावर घ्या.