कादंबरी राहू दे, आधी जिन्याचं लिहा

प्रश्न : नमस्कार. मी मुलुंडची. कंपनीच्या कामासाठी गेली तीन वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला आहे. जूनअखेरीस कायमची परत येते आहे. मुलाच्या शाळेसाठी तो आणि नवरा एप्रिलमध्येच मुंबईला गेले, त्यामुळे आता संध्याकाळ सगळी माझी. इथे आल्यावर मी लिहायला लागले. एक डायरी भरली, दुसरी अर्धी झाली. निघण्याआधी लेखनाचं काही तरी पक्कं ठरवावं म्हणून यादी केली आहे : रोज ५०० शब्द, निघेपर्यंत कादंबरीचा पहिला खर्डा, यंदा दोन दिवाळी अंकांना कथा, वर्षभरात ५० पुस्तकं, एखादी कथास्पर्धा. कादंबरी परदेशात एकटी राहणाऱ्या मराठी बाईची आहे. पण लॅपटॉप उघडला की घर सोडायची कामंच डोळ्यांपुढे येतात. आणि धास्ती अशी की एकदा मुलुंडच्या दोन खोल्या, सासूबाई, मुलाचा अभ्यास, ऑफिस यांत शिरले की हे सगळं विरून जाईल. (सासूबाई दिवाळीत सात-आठ अंकांचा फडशा पाडतात. मी लिहिते हे मात्र त्यांना माहीत नाही.) यादीतलं काय ठेवू, काय काढू? आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी असते, या आठवड्यात ती माझ्याकडे आहे, म्हणून इथेच थांबते.
— एक वाचक, मुलुंड (सध्या श्टुटगार्ट)

उत्तर : यादीकडे येते, पण आधी तुमच्या शेवटच्या ओळीचं बोलू. तुम्ही ती पत्र आटोपतं घ्यायला लिहिलीत आणि मी नेमकी तिथेच अडकले. तुमच्या भागातली ही केअरवोखेची पद्धत मी ऐकून आहे. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लागते, तो आठवडाभर जिना, पॅसेज, कुठे कुठे समोरचा फुटपाथसुद्धा साफ ठेवतो, आणि मग पाटी शेजारच्या दारावर जाते. आता मला सांगा, मुलुंडच्या सोसायटीचा जिना तुम्ही शेवटचा कधी झाडला होता? बहुतेक कधीच नाही. तीन वर्षं पाळी सांभाळून तुम्ही परत याल, एका सकाळी कचरा घ्यायला बेल वाजेल, दार उघडाल, आणि समोर जिना झाडणारी बाई असेल. तिच्याकडे बघताना तुमच्या मनात जे काही होईल, ते त्या कादंबरीच्या तीनशे पानांत येईल याची मला खात्री नाही.

म्हणून यादीतली पहिली काट कादंबरीवर. कादंबरी वाईट असेल म्हणून नव्हे, वेळ चुकीची आहे म्हणून. घर सोडताना तिथली नावनोंदणी रद्द करायची असते, इंटरनेटचे करार तोडायचे असतात, भिंती रंगवून द्यायच्या की नाही हे भाडेकरारात शोधायचं असतं, डिपॉझिटवरून घरमालकाशी गोड बोलायचं असतं. डोकं त्यात असताना रोज ५०० शब्द होत नाहीत. आठवडाभर झाले नाहीत की माणूस स्वतःला आळशी ठरवतो आणि डायरीही बंद करतो. तुमची यादी म्हणजे ऑफिसातला अप्रेझलचा फॉर्म झाला आहे. ५० पुस्तकं हे तर लेखनाचं ध्येयच नव्हे. तेही काढा. हवी तितकी वाचा, मोजू नका.

मग या उरलेल्या संध्याकाळी करायचं काय? गोळा करायचं. लिहिणं मुलुंडला होईल, पण तुमच्या जिन्याचा वास मुलुंडला मिळणार नाही. शहराचा इतिहास, लोकसंख्या, त्या पांढऱ्या चौकोनी ग्रंथालयाचं उद्घाटन २०११ मध्ये झालं वगैरे गोष्टी इथे बसून फोनवर कळतात. त्यांच्यावर एक ओळ खर्चू नका. तुमच्याशिवाय ज्या कोणी सांगू शकत नाही त्या लिहून घ्या. पाटी लाकडाची की प्लास्टिकची? तिची दोरी कुणी बदलली? शेजारीण ती गुपचूप अडकवून जाते की बेल वाजवून हातात देते? फरशी पुसायचं औषध कुठलं, त्याला वास कसला? पाळी चुकली तर कोण बोलतं, आणि बोलतं की नुसतं बघतं? खालच्या मजल्यावरच्या आजींना सरळ विचारा, ‘माझ्या आधी इथे जे राहायचे ते पाळी करायचे का?’ तीन वर्षांत त्यांच्याशी जेवढं बोलला नसाल तेवढं त्या एका प्रश्नावर बोलतील, असा माझा अंदाज आहे. जर्मन मोडकं असलं तरी विचारा. मोडक्या भाषेत दिलेली-घेतलेली उत्तरं कथेत फार कामाला येतात.

तसंच मारियेनप्लाट्झहून डेगरलोखला चढणारी ती दातेरी चाकांची गाडी. १८८४ पासून चालते हे मला ठाऊक आहे. संध्याकाळी तिच्यात कोण बसतं, हे तुम्हालाच ठाऊक. रविवारचं तर खास टिपून ठेवा. दुकानं बंद, ड्रिल मशीनला बंदी, काचेच्या बाटल्या त्या डब्यात टाकायलाही मनाई. त्या शांततेत तुम्हाला पहिल्या वर्षी काय वाटलं आणि आता काय वाटतं, दोन्ही लिहा. वाक्यं सुंदर नसली तरी चालतील. तारीख घाला, तुटक लिहा.

एक सावधगिरी. परदेशाहून परतलेल्या माणसाच्या लेखनाला एक रोग हमखास होतो : ‘आपल्याकडे असं का नाही?’ दिवाळी अंकांच्या संपादनात माझी बरीच वर्षं गेली. असे लेख जुलै लागला की गठ्ठ्याने यायचे. तिथले लोक किती शिस्तीचे, आपण कसे पिचकाऱ्या मारतो. पहिल्या पानावर विमानतळ, शेवटच्या पानावर मायभूमी. तुमच्या जिन्यावरही हा उपदेश सहज उगवेल. उपटून टाका. इंजिनिअर बाई तिथे हातात फडका घेते आणि इथे तीच बाई दुसऱ्या बाईला महिन्याचे पैसे देते, एवढं नीट दाखवलंत तर वाचकाला पुढचं सांगावं लागत नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. त्या नात्यावर भाषणं करायला पुष्कळ लोक आहेत.

आता विरून जाण्याच्या धास्तीबद्दल. ‘माझा प्रवास’ लिहिणारे गोडसे भटजी १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, गंगेची कावड घेऊन घरी परतले, आणि ती हकिगत लिहायला बसले ते १८८३ च्या सुमारास. छापून आली १९०७ मध्ये. लॅपटॉप नव्हता, रोजचे ५०० शब्द नव्हते. तरी काही विरलं नाही, कारण ज्याची झळ बसली ते राहतं. अर्थात त्यांच्यासमोर झाशी पडली, तुमच्यासमोर फारतर डिपॉझिट बुडेल. म्हणून म्हणते, टिपणं ठेवा.

आणि ती टिपणं जहाजाने येणाऱ्या खोक्यांत घालू नका. डायऱ्या हातातल्या बॅगेत. तुम्ही उतराल तेव्हा इथे पाऊस लागलेला असेल. दमट हवेत तिकिटं-पावत्यांवरची अक्षरं उडतात, कारण तो कागद थर्मल असतो, म्हणजे त्यावर अक्षरं शाईने नव्हे, उष्णतेने उमटतात. जपायच्या असतील त्यांचे फोटो आत्ताच काढा.

मुलुंडला आल्यावर पहिले पंधरा दिवस मात्र सोडू नका. या काळाचं कुणी सांगत नाही. आल्या आल्या मुंबईही परकी दिसते : सकाळपासून वाजणारी बेल, दूध, पेपर, इस्त्रीवाला, घरात क्षणभरही एकटं न मिळणं, स्लो लोकलमध्ये अनोळखी बाईने आपल्या मांडीवर ठेवलेली तिची पिशवी. महिनाभरात हे दिसायचं बंद होतं आणि मग कितीही ठरवलं तरी परत दिसत नाही. कथेची दुसरी बाजू याच दिवसांत मिळेल. तेव्हा रोज दहा ओळी. गॅससमोर उभ्याने लिहिल्या तरी चालेल.

यंदाचे दिवाळी अंक सोडा. बहुतेक संपादकांचा मजकूर जुलै-ऑगस्टमध्ये ठरून जातो, तुम्ही तेव्हा मुलाच्या क्लासची वेळ जुळवत असाल. स्पर्धाही तूर्त नको. त्याऐवजी एकच गोष्ट ठरवा : जिन्यावरची एक कथा, दोन-अडीच हजार शब्दांची, गणपतीच्या आधी पूर्ण. अर्धी चालणार नाही, अर्ध्या डायऱ्या तुमच्याकडे आहेत. आणि ती कुणाला वाचून दाखवायची तेही आत्ताच ठरवा. माझ्या मते सासूबाईंना. हसू नका. दर दिवाळीला सात-आठ अंक वाचणाऱ्या बाईइतका तयार वाचक तुम्हाला कुठल्या कार्यशाळेत मिळणार? शिवाय त्या जर्मनीला गेलेल्या नाहीत, सोसायटीचा जिना मात्र त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला आहे. त्यांना जिथे कळणार नाही तिथे कथा कच्ची आहे असं समजायचं. त्या कुठे कंटाळल्या ते बघा, काय म्हणाल्या त्याकडे थोडं दुर्लक्ष करा. सून लिहिते हे कळल्यावर पहिली दहा मिनिटं त्या कथेबद्दल बोलणारच नाहीत.

जागेचं म्हणाल तर पुढचंच स्टेशन ठाणे. तिथलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. सभासद व्हा आणि शनिवारची सकाळ ‘लायब्ररीत जाते’ म्हणून घराबाहेर काढा. ‘लिहायला जाते’ म्हटलंत तर चार प्रश्न येतात, लायब्ररीला कुणी अडवत नाही. कादंबरीचं पुढच्या वर्षी विचारा. तोवर त्या एकट्या बाईच्या इमारतीत आणखी दोन-तीन माणसं राहायला आलेली असतील.

प्रश्न : मी निवृत्त आहे, राहणार गिरगाव. मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून नुकताच परतलो. ३०० पानं लिहून झाली. एक प्रकाशक पुस्तक काढायला तयार आहे, पण खर्च मी द्यायचा म्हणतो. देऊ का?
— एक आजोबा

उत्तर : एवढ्यात नको. त्या ३०० पानांतली आवडती १५ निवडा आणि एखाद्या मासिकाला पाठवा. कुणी छापली, तर पुस्तकाचा विचार करायला जागा आहे. नाहीच छापली, तर घरच्यांसाठी स्पायरल बाइंडिंगच्या दहा प्रती काढा. नातवंडांना त्या पुरतात, आणि पलंगाखाली पाचशे प्रतींचे गठ्ठे साठत नाहीत. पैसे द्यायचेच असतील तर प्रती किती, विक्री कोण करणार आणि न खपलेल्या प्रती कुणाच्या, हे कागदावर घेतल्याशिवाय देऊ नका.

प्रश्न : परदेशातून कथा ईमेलने पाठवली तर संपादकांकडे अक्षरांची रांगोळी होऊन पोचते. काय करावं?
— एक वाचक, विलेपार्ले (सध्या दुबई)

उत्तर : युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला कळणाऱ्या अक्षरांत टाइप करा, जुन्या फॉन्टमध्ये नको. आपल्याकडे पानं लावणारे अनेक जण अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर काम करतात. तिथे रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरं फुटतात. म्हणून वर्ड फाइलबरोबर पीडीएफही जोडा, म्हणजे मूळ अक्षर काय होतं ते मुद्रितशोधकाला ताडून पाहता येतं. फाइलला ‘कथा-फायनल-२’ असं नाव देऊ नका, स्वतःचं नाव द्या.