सासऱ्यांची पॉइंट टू-टू : किंमत किती?

प्रश्न : माझे यजमान अमेरिकन आहेत. त्यांचे वडील वेस्ट व्हर्जिनियात शेती करायचे, ते गेल्या वर्षी वारले. मृत्युपत्रात त्यांनी एक जुनी पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफल यजमानांच्या नावे ठेवली आहे. नळीवर ‘जे. सी. हिगिन्स’ आणि ‘सिअर्स, रोबक अँड कंपनी’ असं कोरलेलं आहे, खाली १०३ ने सुरू होणारा मॉडेलचा आकडा. सिरियल नंबर कुठेच सापडत नाही, म्हणून जरा धास्ती वाटते. गहाणवटीच्या दुकानदाराने ४० डॉलर सांगितले, इंटरनेटवर याच नावाची रायफल ४५० ला लावलेली दिसली. खरं काय समजायचं? दस्त्यावर ओरखडे आहेत, नळीवर तांबूस डाग आहेत. पॉलिशपेपर मारून वॉर्निश लावलं तर भाव वाढेल का? धाकटा भाऊ एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीत आहे. तो कॉलेजात एन.सी.सी.त होता. तो म्हणतो, विकण्यापेक्षा मला दे. देऊ का?
— एक वाचक, पेनसिल्वेनिया

उत्तर : ताई, पॉलिशपेपर अजून मारला नसेल तर कृपा करून मारू नका. बाकीचं सगळं त्यानंतर.

आधी एक खात्री करून घ्या. नळी सुरक्षित दिशेला ठेवून, बोट ट्रिगरपासून लांब ठेवून बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढा आणि आत काडतूस नाही हे डोळ्यांनी बघा. नळीखाली दुसरी बारीक नळी असेल तर ते ट्यूब मॅगझिन, म्हणजे काडतुसं साठवायची नळी. त्यात एखादं काडतूस वर्षानुवर्षं अडकून राहिलेलं असू शकतं. बोल्ट उघडल्यावर काडतूस बसायची जागा रिकामी दिसते आणि माणूस निर्धास्त होतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. यातलं काही जमत नसेल तर हात न लावता जवळच्या बंदूक-दुरुस्तीवाल्याला विचारा.

आता नाव. सिअर्स ही अमेरिकेतली दुकानांची मोठी कंपनी, ती स्वतः बंदुका बनवत नव्हती. भोसरीतला एखादा कारखाना दुसऱ्याच्या नावाने जॉबवर्क करून देतो, तसाच हा प्रकार. हिगिन्स हे सिअर्सच्याच एका जुन्या कर्मचाऱ्याचं नाव. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते कंपनीच्या खेळाच्या सामानावर असायचं. बंदूक खरी कुणाची हे त्या आकड्याची सुरुवात सांगते. १०१ म्हणजे सॅव्हेज-स्टीव्हन्स, ५८३ म्हणजे हाय स्टँडर्ड आणि तुमची १०३ म्हणजे कनेक्टिकटमधली मार्लिन. मार्लिनने १९५३ साली नळीच्या आत कोरलेले ‘मायक्रोग्रूव्ह’ नावाचे पीळ आणले: मोजक्या खोल खाचांऐवजी सोळा उथळ खाचा. बोल्ट काढून उजेडाकडे नळी धरा. बारीक, भरपूर पीळ दिसले तर रायफल १९५३ किंवा नंतरची. पूर्ण आकडा पाहून एखादा जाणता दुरुस्तीवाला मार्लिनचं मूळ मॉडेलही सांगेल. त्या मूळ नावाने शोध घेतलात की भावाचा अंदाज नीट लागतो.

इथेच तुमच्या ४५० डॉलरचा उलगडा होण्याची शक्यता आहे. हिगिन्स नावानेच सिअर्सने ‘मॉडेल ५०’ ही मोठ्या शिकारीची रायफलही विकली. तिच्यात बेल्जियमच्या एफ.एन. कंपनीची माउझर अ‍ॅक्शन, म्हणजे काडतूस भरण्या-काढण्याची यंत्रणा, आहे. तिला आजही शेकड्यांनी डॉलर मोजणारे लोक आहेत. नाव तेच, पण ती बंदूकच वेगळी. शिवाय ४५० हा विकणाऱ्याने मागितलेला भाव आहे, कुणी दिलेला नव्हे. लिलावाच्या संकेतस्थळांवर संपलेले लिलाव वेगळे बघता येतात. बोली लागून व्यवहार झाला त्याच ओळी वाचा, बाकी सोडून द्या. दुकानदाराच्या ४० मध्ये त्याचं भाडं, नफा आणि महिनोन्महिने माल पडून राहण्याचा धोका धरलेला असतो, त्यामुळे तो आकडाही बाजारभाव नाही. मला विचाराल तर सगळे भाग मूळचे आणि चालू स्थितीत असतील तर १०० ते १७५ डॉलर. मॅगझिन हरवलं असेल तर त्याहून बरंच खाली, कारण मूळचं मॅगझिन वेगळं घ्यायला गेलं की तेच किमतीचा मोठा घास घेतं.

तांबूस डागांनी भाव थोडा उतरतो. पॉलिशपेपरने तो खूपच उतरतो. नळीवरचा निळसर काळा थर, ज्याला ब्लूइंग म्हणतात, एकदा घासला गेला की मूळचा राहत नाही. दस्त्याच्या कडा गोल झाल्या की घेणाऱ्याला लांबूनच कळतं. पातळ तेल, मऊ फडकं आणि धीर, एवढंच वापरा. तेल लावून रात्रभर ठेवलं तर वरवरचा गंज बऱ्याचदा फडक्याने निघतो. उरेल तो राहू द्या. सासऱ्यांनी शेतात वापरलेली वस्तू आहे, तिच्या अंगावरच्या खुणा खऱ्या आहेत, आणि घेणाऱ्यांनाही खऱ्याच आवडतात.

सिरियल नंबरची धास्ती सोडा. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याआधी पॉइंट टू-टू रायफलींवर नंबर घालण्याची सक्ती नव्हती आणि स्वस्त रायफलींवर तो बहुधा नसायचाच. मात्र नंबर होता आणि कुणीतरी कानशीने घासून काढलाय अशी खूण दिसली, तर ती बंदूक बाळगणं हाच गुन्हा. मग दुकानात नेऊ नका, आधी वकील गाठा.

भावाला देऊ नका. एच-वन-बी, एल-वन, विद्यार्थी व्हिसा असणाऱ्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण प्रेमापोटी दिलेली भेट त्यात बसत नाही, आणि जाणूनबुजून देणाराही गुन्हेगार ठरतो. त्यात दुसऱ्या राज्यातल्या माणसाला थेट देता येत नाही, परवानाधारक विक्रेत्यामार्फतच जावं लागतं. आणि न्यू जर्सीत साध्या रायफलीसाठीही राज्याचं ओळखपत्र काढावं लागतं. शंभर-दीडशे डॉलरच्या वस्तूपायी त्याचा व्हिसा पणाला लागेल. आपली माणसं हे नियम माहीत नसल्याने सहज अडकतात, म्हणून इतक्या स्पष्टपणे लिहितो. ग्रीन कार्ड झाल्यावर त्याला रीतसर घेता येईल, तोवर थांबू दे. तुमच्या यजमानांना ती मृत्युपत्राने मिळाली असल्याने वेस्ट व्हर्जिनियातून पेनसिल्वेनियात आणायला संघीय कायद्यात सवलत आहे. मृत्युपत्राची प्रत जपून ठेवा.

विकायचंच ठरलं तर रोख घेऊन मोकळं होण्यापेक्षा परवानाधारक दुकानात कमिशनवर ठेवा. वेळ लागेल, पण ४० पेक्षा नक्की जास्त हाती येईल. माझं मन विचाराल तर विकू नका. या पैशांत घरात काही मोठं येणार नाही, आणि वडिलांच्या हातातली रायफल यजमानांना दुसरी मिळायची नाही. ठेवणार असाल तर कुलूपबंद कपाटात, काडतुसं वेगळ्या ठिकाणी. आणि कापडी पिशवीत गुंडाळून मात्र ठेवू नका. कापड ओल धरतं, आणि आता पुसलेला गंज पुढच्या उन्हाळ्यापर्यंत परत येतो.