शिक्षकांचे प्रश्न : बरोबर उत्तराला शून्य गुण का?

प्रश्न : चौथीसाठी गूगल फॉर्मवर चाचणी तयार करून पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवली. काही मुलांनी बरोबर उत्तर लिहूनही शून्य गुण पडले. काही पालकांना लॉग-इन मागितलं, तर त्यांनी फॉर्म सोडूनच दिला. काय चुकलं असेल?

आधी गुणांचं बघू. तुम्ही ‘शॉर्ट आन्सर’ प्रकारचे, म्हणजे उत्तर टाइप करायचे प्रश्न घेतले असणार. तिथे फॉर्म उत्तराचा अर्थ बघत नाही, तुम्ही ‘आन्सर की’मध्ये लिहिलेल्या अक्षरांशी मुलाची अक्षरं जुळवतो. तुम्ही ‘24’ दिलंत आणि मुलानं मराठी कळफलकावरून ‘२४’ लिहिलं, की संपलं. ‘१२ सेमी’ आणि ‘१२ से.मी.’ हीही त्याच्या लेखी दोन वेगळी उत्तरं. त्याहून चकवणारी गोष्ट ‘ॲ’ची. काही कळफलक हे एकच अक्षर म्हणून देतात, काही ‘अ’वर वेगळी चंद्रकोर ठेवतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, फॉर्मला नाही.

आता यावर उपाय. ‘आन्सर की’मध्ये एकाखाली एक कितीही उत्तरं घालता येतात. तिथे २४ आणि 24 दोन्ही घाला. एकक मुलांकडून लिहून घेऊच नका, ते प्रश्नातच द्या : ‘परिमिती किती सेमी?’ आणि ‘मार्क ऑल अदर आन्सर्स इनकरेक्ट’ या चौकटीत टिकमार्क करू नका. ती रिकामी असली, की न जुळलेली उत्तरं थेट चूक न ठरता तपासायची राहतात. मग ‘रिस्पॉन्सेस’मधल्या ‘क्वेश्चन’ या भागात जा. तिथे सारखी उत्तरं एकत्र दिसतात, त्यामुळे सात जणांनी ‘चोवीस’ असं अक्षरी लिहिलं असेल तर सातही एकदम बरोबर करता येतात. आमचं मत विचाराल तर तिसरी-चौथीला या प्रकारचे दोन-तीनच प्रश्न ठेवा, बाकी पर्याय निवडायचे.

लॉग-इन मागायची कारणं ठरलेली आहेत. फॉर्ममध्ये ‘फाइल अपलोड’चा प्रश्न असतो, किंवा ‘लिमिट टू वन रिस्पॉन्स’ चालू असतं, किंवा ईमेल गोळा करण्याची सोय ‘व्हेरिफाइड’वर, म्हणजे लॉग-इन केलेल्या खात्यावरून ईमेल घेण्यावर असते. ही शेवटची सोय कधी कधी नकळत चालू होते. गुण ‘लेटर, आफ्टर मॅन्युअल रिव्ह्यू’ म्हणजे तपासून नंतर द्यायचे असं निवडलं, की ईमेल घेणं त्याच्यासोबतच सुरू होतं. प्राथमिकच्या मुलांसाठी हे सगळं बंद ठेवा. तेरा वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं साधं गूगल खातं काढता येत नाही, फोन पालकांचा असतो आणि अनेक घरांत एकाच फोनवर दोन भावंडं चाचणी देतात. पहिला प्रश्न ‘हजेरी क्रमांक’ एवढाच ठेवा. एकाच क्रमांकाची दोन उत्तरं आली, तर उत्तरं जमा होतात त्या गूगल शीटमधली वेळ बघून पहिलं धरा. वहीचा फोटो हवा असेल तर तो व्हॉट्सॲपवर मागवा. आधार क्रमांक, जन्मतारीख असलं काही फॉर्ममध्ये विचारू नका, चाचणीला त्याची गरजच नाही.

लिंक पाठवण्याआधी ती ब्राउझरच्या ‘इनकॉग्निटो’ खिडकीत, म्हणजे जिथे तुमचं लॉग-इन लागू नसतं तिथे, उघडून बघा. तिथे लॉग-इन न मागता फॉर्म उघडला, तर पालकांकडेही उघडेल.

प्रश्न : जुन्या प्रश्नपत्रिका संगणकावर आहेत. पण त्यातला मजकूर फॉर्ममध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा काला होतो. सगळं पुन्हा टाइप करायचं का?

नाही. त्या कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये आहेत. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिलं, तरी फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. मराठी रूप देतो तो फॉन्ट. फॉर्ममध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून खरी अक्षरं उघडी पडतात. फॉर्मला युनिकोड लागतं, म्हणजे ज्यात मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवली जातात ती पद्धत.

फाइल तुमच्या संगणकावर नीट दिसत असेल तर तिची पीडीएफ करा. नुसता कागद असेल तर उजेडात, सावली न पाडता, सरळ वरून फोटो काढा. ही फाइल गूगल ड्राइव्हवर चढवा आणि संगणकावरून तिच्यावर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’, मग ‘गूगल डॉक्स’ निवडा. डॉक्स पानावरची अक्षरं ओळखतं, त्यामुळे मजकूर युनिकोडमध्ये मिळेल. फाइल २ एमबीच्या आत ठेवा. जोडाक्षरं, रफार आणि अनुस्वार मात्र ओळन् ओळ तपासा. उभी मांडणी केलेली गणितं आणि तक्ते विस्कटतातच, ती हातानं करा किंवा गणिताचा फोटोच प्रश्नात घाला.

प्रश्न : माझ्या वर्गात तिसरीची ३४ मुलं आहेत. कुणाकडेच फोन नाही, माझा एकच आहे. तरी वर्गात झटपट चाचणी घेता येईल का?

येईल, आणि मुलांच्या हाती फोन नसलेलाच बरा. प्लिकर्स हे ॲप वापरून बघा. यात प्रत्येक मुलाला काळ्या-पांढऱ्या नक्षीचं एक छापील कार्ड मिळतं. कार्डाच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरं असतात. आपल्या उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. तुम्ही ॲपचा कॅमेरा वर्गावरून फिरवलात, की कुणी काय उत्तर दिलं ते फोनवर दिसतं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही.

४० कार्डांचा नेहमीचा संच तुम्हाला पुरेल. एका पानावर दोन कार्डं, म्हणजे २० पानं. कार्ड क्रमांक आणि हजेरी क्रमांक एकच ठेवा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित झाला की कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. जाड पुठ्ठ्यावर चिकटवा आणि नक्षीभोवतीची पांढरी कड कापू नका. मुलांची बोटं काळ्या भागावर येतात, सर्वांत जास्त घोटाळा याचाच. कड धरायची सवय आधीच लावा. मुलांच्या मागे खिडकी असेल तर सगळी कार्डं अंधारतात, म्हणून खिडकीकडे तुमची पाठ हवी. प्रश्न फळ्यावर खडूनं लिहिला तरी चालतो, फक्त फोनला इंटरनेट लागतं. पहिल्या दिवशी ‘आज वार कोणता?’ असलाच प्रश्न घ्या.

पण साधन कितीही चांगलं असलं तरी पर्याय विचार करून दिले तरच त्यातून काही कळतं. ५३ वजा २७ घ्या. पर्याय २६, ३४, ३६ आणि ८० द्या. ३४ म्हणणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय : ७ मधून ३, ५ मधून २. ३६ वाल्यानं दशक सुटा केला, पण दशकांच्या घरातला एक कमी करायला विसरला. ८० म्हणणाऱ्यानं बेरीज केली, त्याला चिन्ह बघायला सांगा. ३४ वाल्यांना काड्यांचे गठ्ठे घेऊन पुन्हा बसवावं लागेल, ३६ वाल्यांना दोन-तीन गणितांत जमेल. कोणते तीन पर्याय चुकीचे द्यायचे, यावर वेळ घालवा.

प्रश्न : फोनवर केलेला पाठाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवरून शाळेच्या टीव्हीवर लागत नाही. आवाज येतो, चित्र येत नाही.

फोन ‘एचईव्हीसी’ म्हणजे एच.२६५ पद्धतीनं चित्रण करत असणार. त्यानं फाइल लहान होते, पण बऱ्याच जुन्या टीव्हींना ती वाचता येत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘हाय एफिशियन्सी’ किंवा त्या अर्थाचा पर्याय बंद करा आणि एच.२६४ वर चित्रण करा. वर्गासाठी ७२०पी पुरे. झालेले व्हिडिओ संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या ‘कन्व्हर्ट’मधून एच.२६४ एमपी४ करून घेता येतात. पेनड्राइव्ह ‘फॅट३२’ या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यावर बसत नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

प्रश्न : बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड झिजलाय, स्कॅन होत नाही.

कोडाखाली सहा अक्षर-अंकांचा संकेत छापलेला असतो. तोच ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर टाइप करा. तोही पुसला असेल तर पुस्तकाची पीडीएफ ई-बालभारतीवर मोफत मिळते, तिच्यातलं ते पान संगणकावर उघडून पडद्यावरूनच कोड स्कॅन करा. वर्गात नेटवर्क नसेल तर दीक्षा ॲपमध्ये तो घटक घरूनच डाउनलोड करून न्या.