जपाची उधारी

"रोज बसते, पण आतून काहीच वाटत नाही. कुणी ऐकतंय का, असंच मनात येतं. मी नास्तिक झाले का?"

समुपदेशनाला आलेल्या पन्नाशीच्या एका बाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पंचवीस वर्षं रोज ३ माळा जप. दीड वर्षापूर्वी धाकटा भाऊ आजारात गेला आणि जपातली गोडी गेली. अपराधी वाटून त्यांनी ३ च्या ११ माळा केल्या. चौथ्या माळेपासून नजर घड्याळाकडे. राहिलेल्या माळा दुसऱ्या दिवसावर. वहीच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं : 'बाकी ६३'.

मन लागेना म्हणून साधना वाढवणं, ही नेहमी दिसणारी चूक. त्यातून श्रद्धा वाढत नाही, उधारी तेवढी वाढते.

अशा वेळी आधी पाहायचं ते हे, की आटलंय काय? एकटी श्रद्धा, की सगळं मनच? दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस उदास वाटणं, झोप-भूक बिघडणं, कशातच रस न उरणं, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी. आणि देवाबद्दल नकोसे, घाणेरडे विचार घुसत असतील, 'चुकलं' म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होत असेल, तर तो मंत्रचळ, म्हणजे ओसीडी हा मानसिक आजार असू शकतो. तिथे 'काही पाप नाही हो' अशी सारखी समजूत घालत राहिलं तर आजार उलट पोसला जातो; त्याचे उपचार वेगळे. या बाईंची झोप ठीक होती, नातवात जीव रमत होता. अडलं होतं ते फक्त देवापाशी.

पहिलं काम : बाकी शून्य. ६३ वर काट. मग सहा आठवडे एकच माळ, ठरल्या वेळी, ठरल्या जागी. मन लागो न लागो, माळ संपली की उठायचं. छान वाटलं तरी दुसरी माळ नाही. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. पण आजची जास्तीची माळ उद्याचा हप्ता होऊन बसते, म्हणून हा नियम सोडायचा नाही.

माळेनंतर दोन मिनिटं स्वतःच्या शब्दांत तक्रार, तीही मोठ्याने. "हे पाप नाही का?" त्यांनी विचारलं. रुसायचं तर आपल्याच माणसावर ना! परक्यावर कोण रुसतं?

शंकांसाठी वेगळी वही केली. तारीख घालून प्रश्न लिहायचा, उत्तर लगेच शोधायचं नाही. आठवड्याने वाचलं तर प्रश्न दोन जातींचे निघाले. 'तोच का गेला?' हा दुःखाचा प्रश्न. त्याला रडणं, आठवणी काढणं लागतं. 'देव आहे का?' हा विचाराचा; त्याला वाचन लागतं, जाणत्या माणसाशी बोलणं लागतं. पहिल्याला दुसऱ्याचं औषध दिलं की बिघडतं. 'भोग असतात एकेकाचे' असं सांगणाऱ्या नातलगांशी बाईंनी बोलणंच टाकलं होतं, ते यामुळेच.

शंका येणं म्हणजे श्रद्धा संपणं, हा समज मात्र आधी काढावा लागतो. पतंजलींनी योगसूत्रांत साधनेचे ९ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितले आहेत. त्यांत संशय तिसरा, व्याधी आणि आळस यांच्याच पंगतीत. नववा, मिळालेली भूमिका, म्हणजे साधनेतली गाठलेली पायरी, न टिकणं. म्हणजे हे साधनेच्या वाटेवरच भेटतं. उपाय सांगितला तोही एकाच तत्त्वाच्या अभ्यासाचा, म्हणजे एकच गोष्ट धरून ती पुन्हा पुन्हा करण्याचा.

यातून श्रद्धा परत येईलच असं आश्वासन समुपदेशकाने देऊ नये, आणि तिला परत ओढूनही आणू नये. कुणाची पूर्वीसारखी येते, कुणाची वेगळ्या रूपात, कुणाची येत नाही.

चार महिन्यांनी बाईंची एक माळ चालू होती. वहीत 'कुणी ऐकतंय का?' तीनदा आलं होतं, तिन्ही वेळा उत्तराची जागा कोरी. तक्रारीची दोन मिनिटं मात्र आता दहावर गेली होती, आणि त्यात त्या बऱ्याचदा भावाविषयीच बोलत.